साष्टीचे धर्मशिक्षक : फादर थॉमस स्टीफन्स

मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या कवींची नावे सांगताना ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्या मागोमाग एका इंग्रज धर्मोपदेशकाचे नाव आदराने घेतले जाते. ते नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' हे सुमारे ११,००० ओव्यांचे काव्य मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून बसले आहे. आणि त्यातील मराठीची स्तुती शाळेतील विद्यार्थ्यांच्याही कानांवरून गेलेली असते. परंतु स्टीफन्स हे प्रथम कवी नव्हते, की प्रथम वैयाकरणही नव्हते. ते धर्मगुरू होते. इ. स. १५७९ पासून १६१९ पर्यंत, म्हणजे तब्बल ४० वर्षे, ते गोमंतकात राहिले व त्यातील बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांतातील खेड्यापाड्यांत काढला. आपल्या धर्मग्रामातील माणसांनी संस्कार घ्यावेत, आणि ते समजून घ्यावेत, ही त्यांची नित्याची चिंता होती. त्यांचे तिन्ही प्रसिद्ध ग्रंथ या एका चिंतेतून जन्मास आले, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र आम्ही याच दृष्टीने सांगणार आहोत.

आमच्या वाचकांत अनेक धर्मांचे विद्यार्थी व पालक आहेत. यास्तव आरंभी एक खुलासा करणे इष्ट होईल. हिंदू घरात नामकरण, उपनयन, विवाह इत्यादी संस्कारांची परंपरा आहे. तद्वत कॅथलिक धर्मसभा सात संस्कार मानते. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह हे ते सात होत. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हस्तस्पर्श अशी साधी दृश्य चिन्हे आणि त्यांच्या द्वारे मिळणारी अदृश्य ईश्वरी कृपा, असे त्यांचे स्वरूप धर्मसभा शिकविते. ही कृपा मनुष्याच्या गुणांचे वेतन नसून ईश्वराचे दान आहे. तथापि पाऊस कितीही उदार असला, तरी शेत नांगरलेले असावे लागते. आपल्या भोकरच्या काळ्या जमिनीत राबणाऱ्या शेतकऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. संस्काराची पूर्वतयारी म्हणजे ही नांगरट होय.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, बुश्टन या गावी झाला. त्यांचे शिक्षण विंचेस्टर येथील जुन्या व नामांकित विद्यालयात झाले. तो काळ इंग्लंडातील कॅथलिकांस फार कठीण होता. राणी एलिझाबेथ इ. स. १५५८ मध्ये गादीवर आली आणि पुढल्याच वर्षी कायद्याने कॅथलिक उपासना बंद झाली. मिस्सा अर्पण करणे व तीस उपस्थित राहणे हा अपराध ठरला. ज्यांना जुना धर्म सोडवेना, ती कुटुंबे दारे-खिडक्या लावून, नोकरांवर पहारा ठेवून, रात्री-अपरात्री गुप्तपणे आलेल्या धर्मगुरूंकडून संस्कार घेऊ लागली. पुढे कायदा इतका कठोर झाला, की इ. स. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या धर्मगुरूने इंग्लंडच्या भूमीवर नुसते पाऊल ठेवणे हाही राजद्रोह मानला जाऊ लागला.

अशा दिवसांत तरुण स्टीफन्स यांची थॉमस पाउंड नामक एका श्रीमंत सद्गृहस्थाशी मैत्री जडली. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, प्रवेश करण्याचा बेत केला. कोणास संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंड यांचे सेवक म्हणून वावरत असत. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले, आणि त्यानंतरची सुमारे ३० वर्षे त्यांनी एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजी संघाच्या उमेदवारगृहात दाखल झाले. मित्राचा त्यांना विसर पडला नाही. त्यांनी रोममध्ये पाउंड यांच्यासाठी रदबदली केली आणि इ. स. १५७८ मध्ये संघाच्या प्रमुखांनी तुरुंगात असलेल्या पाउंड यांस संघात सामावून घेतले. ज्या देशात एका प्रसादाच्या तुकड्यासाठी माणसे घरदार व प्राण पणास लावीत, त्या देशाचे संस्कार घेऊन हा तरुण पूर्वेकडे निघाला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स यांनी लिस्बन बंदर सोडले व २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. ही सहा महिन्यांहून अधिक काळाची समुद्रयात्रा त्यांनी आपल्या वडिलांस लिहिलेल्या पत्रात वर्णिली आहे. वारे, मासे, पक्षी, ताऱ्यांची स्थाने, खलाशांची कसरत यांचे त्यात बारकाईने केलेले निरीक्षण आहे. ताज्या अन्नाच्या अभावी जहाजावर हिरड्या सुजण्याचा रोग पसरला. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व २७ दगावली. हे पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले व हिंदुस्थानाविषयी इंग्रज व्यापाऱ्यांचे कुतूहल जागे होण्यास त्याचाही हातभार लागला. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचे नाव सांगतात. ते मात्र व्यापारासाठी आले नव्हते. पुढल्या वर्षी, इ. स. १५८० मध्ये, त्यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळाली व त्यांची नेमणूक साष्टीत झाली.

साष्टी म्हणजे मडगावच्या भोवतालचा दक्षिण गोव्यातील प्रांत. तो इ. स. १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आला होता, आणि इ. स. १५६० पासून तेथील धर्मकार्य जेझुइटांकडे होते. येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्टीफन्स येण्यापूर्वी सुमारे १२ वर्षे, इ. स. १५६७ च्या सुमारास, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. जुन्या पोथ्यापुराणांवर बंदी होती. नव्या धर्मात येणारांस सवलती मिळत व न येणारांच्या वाट्यास जाच येई. याचा रोष लोकांच्या मनात धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे या रोषाचा भडका उडाला व रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट आणि त्यांच्या सोबतची काही माणसे मारली गेली. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांस किल्ल्यात बोलावून ठार केले. दोन्ही बाजूंचे रक्त सांडले. त्या वेळी स्टीफन्स साष्टीतच होते व मृत सहकाऱ्यांचे देह मिळवून त्यांचा दफनविधी करणारांत त्यांचाही समावेश होता.

आता त्यांच्या मनाची स्थिती कशी झाली असेल, याचा विचार करावा. मायदेशी त्यांनी राजसत्ता संस्कार हिरावून घेताना पाहिली होती. येथे तीच राजसत्ता दुसऱ्या ध्वजाखाली संस्कार पुढे करीत होती. तेथे लोकांस संस्कारांची तहान होती, पण ते मिळत नव्हते. येथे अनेकांच्या मस्तकी बाप्तिस्म्याचे पाणी पडले होते, पण त्याचा अर्थ त्यांच्या हृदयापर्यंत पोहोचला नव्हता. स्टीफन्स हे पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखालीच राहिले व त्या व्यवस्थेचाच एक भाग होते, हे नाकारता येत नाही. परंतु त्या व्यवस्थेत राहून त्यांनी जो मार्ग आपल्यासाठी निवडला, तो तलवारीचा अथवा फर्मानाचा नव्हता. त्यांनी लोकांची भाषा शिकावयास घेतली.

भाषेचा व संस्काराचा संबंध किती निकटचा आहे, हे एका उदाहरणाने पटेल. प्रायश्चित्त संस्कारात मनुष्य आपली पापे स्वमुखाने धर्मगुरूस सांगतो, आणि धर्मगुरू प्राण गेला तरी ती कोणास सांगत नाही. आता साष्टीतील एखादी माउली पोर्तुगीज जाणत नाही आणि धर्मगुरू कोकणी जाणत नाही, तर काय व्हावे? मध्ये दुभाषी घ्यावा लागे. आपल्या अंतःकरणातील लाजिरवाणी गोष्ट तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगविणे कोणास रुचेल? माणसे एक तर येत नसत, अथवा आली तरी वरवरचे सांगून जात. व्याकरणाचा अभ्यास हा अशा ठिकाणी विद्वत्तेचा विलास राहत नाही. तो एका दुःखी जिवास मन मोकळे करण्याची वाट करून देतो.

स्टीफन्स यांना भाषेची मूळचीच आवड होती. इ. स. १५८३ मध्ये आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले आहे. हेच साम्य सर विल्यम जोन्स यांनी इ. स. १७८६ मध्ये कलकत्त्यास मांडले, तेव्हा त्यास जगाची मान्यता मिळाली. स्टीफन्स यांचे निरीक्षण त्याच्या दोन शतके आधीचे होय. कोकणी त्यांनी लोकांत मिसळून आत्मसात केली, मराठी त्यांनी ग्रंथांतून व पाठकांकडून मिळविली, आणि इतर धर्मगुरूंस शिकता यावे म्हणून कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, सहकाऱ्यांनी त्यात भर घातल्यावर, इ. स. १६४० मध्ये रायतूर येथील जेझुइट विद्यालयात छापले गेले. आधुनिक भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याची ख्याती आहे.

व्याकरण धर्मगुरूंसाठी झाले. लोकांसाठी त्यांनी धर्मशिक्षणाची पुस्तिका सिद्ध केली. कोकणीतील ही 'दौत्रिन ख्रिस्तां' मूळ पोर्तुगीज पुस्तकाच्या आधारे रचलेली असून ती इ. स. १६२२ मध्ये रायतूर येथेच छापून निघाली. मुलांस शिकविण्यासाठी ती संवादरूपाने रचली आहे, असे तिच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. एकाने प्रश्न करावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, अशी तिची रीत. गुरुशिष्यसंवाद ही आपल्याकडची जुनीच परंपरा असल्यामुळे लोकांस ती परकी वाटली नसेल. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा, धर्मसभेचे नियम आणि सात संस्कार असा तिचा क्रम आहे. संत फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४२ मध्ये गोव्यास आले, तेव्हापासून घंटा वाजवीत मुलांस गोळा करून धर्मशिक्षण देण्याचा प्रघात गोव्यात पडला होता. मुले ते पाठ करून घरी जात आणि घरातील वडीलधारी माणसे ते मुलांच्या तोंडून ऐकत. धर्मशिक्षणाची गंगा अशी कित्येकदा धाकट्यांकडून थोरांकडे वाहत असे.

संस्काराची तयारी म्हणजे नेमके काय, हे आता पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने इ. स. १५४५ ते १५६३ या काळात सातही संस्कारांविषयीची शिकवण व नियम निश्चित केले होते आणि गोव्यातील धर्मगुरू त्यांस अनुसरूनच चालत. प्रौढ माणसास बाप्तिस्मा देण्यापूर्वी त्याने श्रद्धेची मुख्य तत्त्वे समजून घ्यावीत, स्वेच्छेने ती मान्य करावीत व मागील पापांचा पश्चात्ताप करावा, असा नियम होता. तान्ह्या मुलाच्या बाबतीत ही जबाबदारी आईबापांवर व धर्ममातापित्यांवर पडे. धर्मपिता होणे हा केवळ मानपान नव्हता. मूल मोठे होईल तेव्हा त्यास धर्म शिकविला जाईल याची ती हमी होती. दृढीकरणासाठी महागुरुस्वामींच्या आगमनाची वाट पाहावी लागे, आणि तत्पूर्वी उमेदवारास आपल्या श्रद्धेची मूलतत्त्वे सांगता यावीत अशी अपेक्षा असे.

प्रायश्चित्तासाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत. प्रथम एकांतात आपल्या आचरणाची तपासणी करावी. मग झालेल्या पापांविषयी मनापासून दुःख मानावे. पुन्हा ते न करण्याचा निश्चय करावा. धर्मगुरूपाशी काही न लपविता ती सांगावीत. आणि शेवटी धर्मगुरू जे प्रायश्चित्त सांगेल ते पुरे करावे. दुसऱ्याचे द्रव्य घेतले असेल तर ते परत करावे, कोणाची नालस्ती केली असेल तर ती भरून काढावी. तसे न करता नुसती पापे सांगून मोकळे होता येत नाही. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा, हा नियम इ. स. १२१५ च्या धर्मपरिषदेपासून चालत आला आहे. यास्तव उपवासकाळाचे ४० दिवस हे साऱ्या धर्मग्रामाच्या तयारीचे दिवस असत. ख्रिस्तप्रसाद घेणाराने मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य करावे, असा त्या काळचा दंडक होता. विवाहापूर्वी वधूवरांच्या नावांची सलग तीन सणांच्या वा रविवारच्या दिवशी मंदिरात घोषणा होई, म्हणजे काही हरकत असल्यास ती उघड व्हावी. आणि विवाह धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्या समक्ष, दोघांच्या स्वतंत्र संमतीने लागे. आसन्नमरण रोग्यास अभ्यंग देण्यापूर्वी त्याने शक्य तर वैराचा त्याग करावा व सर्वांस क्षमा करावी, असे त्यास सांगितले जाई.

वाचकहो, या सर्व तयारीत एक अडचण होती. संस्कारांचे विधी त्या काळी लॅटिन भाषेत होत. साष्टीतील कुणब्यास त्यातील एक अक्षर कळत नसे. किंबहुना पोर्तुगालच्या कुणब्यासही कळत नसे. म्हणजे विधी चालू असताना समजण्याची सोय नाही. तेव्हा जे काही समजावयाचे ते आधीच समजले पाहिजे. पूर्वतयारी जर मातृभाषेत झाली नाही, तर सारा संस्कार म्हणजे दुरून पाहिलेला सोहळा ठरे. स्टीफन्स यांच्या प्रश्नोत्तरीचे मोल येथे आहे.

परंतु प्रश्नोत्तरीने माणसाचे ज्ञान वाढले, तरी त्याचे मन भरत नाही. ही उणीव त्यांच्या लक्षात कशी आली, याची हकीगत 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच आली आहे. साष्टीतील एका मंदिरात रविवारी मुलांस धर्मशिक्षण चालले होते. ते ऐकून एक नवख्रिस्ती ब्राह्मण उभा राहिला व त्याने नम्रपणे विचारणा केली. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की धर्मशिक्षण उत्तम आहे. परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? फावल्या वेळी ज्यात मन रमेल, असे आमच्या भाषेतील पुराण आम्हांस का देत नाही? या विचारण्यात मार्दव होते, तशी एक वेदनाही होती. ज्याचे गाणे, कथा व पोथी काढून घेतली आहे, त्याचे मन रिकामे राहते. आणि रिकाम्या घरात दिवा किती वेळ टिकणार? स्टीफन्स यांनी या प्रश्नास रागाने अथवा नियमावर बोट ठेवून उत्तर दिले नाही. त्यांनी उत्तरादाखल एक महाकाव्य लिहिले.

हे काव्य इ. स. १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम छापले गेले. 'पहिले पुराण' ३६ अवस्वरूंचे असून त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे. 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरूंचे असून त्यात ख्रिस्ताचे चरित्र आहे. ग्रंथाची भाषा मराठी. पण शुद्ध ग्रांथिक मराठी सर्वसाधारण लोकांस कळत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ठिकठिकाणी सोपे कोकणी शब्द मिसळले आहेत, असे कवीने स्वतः प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. काही मूळ संज्ञा त्यांनी तशाच ठेवल्या. परंतु स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास त्यांना संकोच वाटला नाही. छंद म्हणून त्यांनी ओवीच निवडली. आपणा मराठवाड्यातील लोकांस याचे विशेष अप्रूप वाटावे, कारण स्टीफन्स साष्टीत मराठी गिरवीत होते तेव्हा गोदातीरी पैठणास एकनाथमहाराज हयात होते व अंबाजोगाईस दासोपंतांचे लेखन चालले होते. एकनाथांनी इ. स. १५९९ मध्ये देह ठेवला, दासोपंतांनी १६१५ मध्ये. आणि पुढल्याच वर्षी 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. ओवीचा जो प्रवाह आमच्या गोदाखोऱ्यात वाहत होता, त्याचेच पाणी एका परदेशी माणसाने साष्टीत आपल्या लोकांस पाजले.

या पुराणात संस्कारांचा अर्थ कथेच्या रूपाने श्रोत्यांपुढे येतो. यार्देन नदीतील ख्रिस्ताचे स्नान ऐकले म्हणजे बाप्तिस्मा काय, ते समजते. कानाच्या लग्नाची कथा ऐकली म्हणजे विवाहाचे पावित्र्य मनात ठसते. शेवटच्या भोजनाची कथा ऐकताना ख्रिस्तप्रसादाचा उगम कळतो. ज्याने प्रश्नोत्तरीत व्याख्या पाठ केली, त्यास पुराणात त्या व्याख्येचा जिवंत प्रसंग भेटतो. रविवारी व सणाच्या दिवशी मंदिरातून आणि घराघरांतून याचे वाचन होऊ लागले. लोकांस ते इतके आवडले, की इ. स. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. हिंदुस्थानात पहिला छापखाना इ. स. १५५६ मध्ये गोव्यास आला होता, परंतु त्यात रोमन लिपीचेच खिळे होते. या देशाच्या भाषेतील पुस्तके या देशाच्या लिपीत छापली जावीत, अशी विनंती स्टीफन्स यांनी इ. स. १६०८ मध्ये रोमला संघप्रमुखांकडे केली. येथील अक्षरे जोडाक्षरांसह सुमारे ६०० साच्यांवाचून व्हावयाची नाहीत, युरोपीय लिपीचे काम अवघ्या २४ अक्षरांत भागते, ही अडचणही त्यांनी सांगितली. ते खिळे त्यांच्या हयातीत झाले नाहीत. म्हणून ज्या काव्यात मराठीची एवढी स्तुती आहे, ते काव्यच रोमन अक्षरांत छापावे लागले.

साष्टीतील जेझुइट विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी काही काळ सांभाळले, परंतु उच्च अधिकाराची हाव धरली नाही. इ. स. १५८३ मध्ये राल्फ फिच, जॉन न्यूबेरी इत्यादी इंग्रज व्यापारी हेर समजून पकडले गेले व गोव्याच्या तुरुंगात पडले. ते निराळ्या पंथाचे होते आणि ज्या राज्याने स्टीफन्स यांच्या मित्रास कोंडून ठेवले होते त्या राज्याचे प्रजाजन होते. तरीही स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांची जामिनावर सुटका करविली. क्षमेचा जो पाठ ते लोकांस देत, तो त्यांनी स्वतः असा गिरविला. इ. स. १६१९ मध्ये, सुमारे ७० वर्षांचे असता, ते गोव्यात निवर्तले. इंग्लंडचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

त्यांच्या मागे त्यांच्या कार्यास वाईट दिवस आले. इ. स. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांच्या आत गोव्यातील लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. स्टीफन्स यांच्या मार्गाच्या हे अगदी उलट होते. 'ख्रिस्तपुराणा'च्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. परंतु गोव्यातून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखित प्रती जिवापाड जपल्या. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी इ. स. १९०७ मध्ये मंगळूरला हा ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनमधील संग्रहात देवनागरीत लिहिलेली एक पोथीही सापडली, आणि इ. स. १९५६ मध्ये पुण्याचे शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला. जी गोष्ट छापखान्यास साधली नाही व फर्मानापुढे टिकली नाही, ती सामान्य कुटुंबांच्या वाचनाने टिकून राहिली. आज गोव्यात पर्वरी येथे स्टीफन्स यांच्या नावाचे कोकणी अभ्यासकेंद्र आहे.

कॅथलिक धर्मसभाही कालांतराने त्यांच्या वाटेवर आली. इ. स. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सुमारे सातव्या वर्षापासून मुलांस ख्रिस्तप्रसाद घेण्याची वाट मोकळी केली, परंतु त्यांना वयाच्या मानाने समज असावी अशी अट ठेवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे इ. स. १९६२ ते १९६५ या काळात, उपासनेत लोकभाषेस स्थान दिले. त्याच परिषदेने श्रद्धा स्वीकारण्याची सक्ती कोणावर होऊ नये, असेही निःसंदिग्धपणे जाहीर केले. प्रौढांच्या बाप्तिस्म्यापूर्वीचा शिक्षणकाळ इ. स. १९७२ मध्ये पूर्ववत सुरू झाला. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास आता एका तासावर आला आहे. आज मराठवाड्यातील एखादे मूल प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करते तेव्हा ते मराठीत शिकते, मराठीत प्रार्थना म्हणते व मराठीतच मिस्सा ऐकते. स्टीफन्स यांना जे केवळ तयारीपुरते देता आले, ते आता प्रत्यक्ष विधीतही मिळते.

म्हणून या चरित्रातून घ्यावयाचा बोध विद्यार्थ्यांपेक्षाही आम्हां वडीलधाऱ्यांसाठी अधिक आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस जवळ आला म्हणजे पुष्कळ घरांत पांढऱ्या पोशाखाची, छायाचित्रांची व जेवणावळीची तयारी जोरात चालते. मुलाची तयारी मात्र आठवड्यातील एका तासाच्या वर्गावर सोडून दिली जाते. लग्नात तर मंडप, वाजंत्री व देणीघेणी यांतच महिना सरतो, आणि वधूवरांनी एकमेकांस कोणते वचन द्यावयाचे आहे हे त्यांना कोणी विचारीतही नाही. हा दोष एका धर्माच्या लोकांचा नाही. मुंजी, लग्ने व सणवार सर्वत्र याच वाटेने जात आहेत. सोहळ्यास पैसा लागतो, तयारीस वेळ लागतो. आणि पैशापेक्षा वेळ देणे माणसास अधिक जड जाते.

फादर स्टीफन्स यांनी आपला वेळ दिला, आणि तो थोडाथोडका नव्हे. एका माणसाच्या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्यांनी परकी भाषा ओवी रचण्याइतकी आपली केली. आमच्या पालकांना ओव्या रचण्याची गरज नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर मुलास जवळ घेऊन, त्याने आज काय पाठ केले ते विचारावे, त्याचा अर्थ त्यास आपल्या घरच्या भाषेत सांगावा, आणि अर्थ आपणांसच ठाऊक नसेल तर तो दोघांनी मिळून शोधावा. विद्यार्थिमित्रांनीही प्रश्न विचारण्यास कचरू नये. साष्टीच्या त्या मंदिरात एक श्रोता उठून बोलला नसता, तर मराठीस 'ख्रिस्तपुराण' कदाचित लाभलेच नसते.